भोंग्याचा सराव

धरण फुटलं तर भोंगा वाजेल आणि सगळ्यांनी टेकडीवर जायचं, असं सरकारनं ठरवलं होतं. सरावाच्या सकाळी आमच्या आळीची माणसं वर न्यायचं काम माझ्याकडं होतं. भोंगा वाजला, पण अंबूबाई उंबऱ्यावरून हलेना. तिचा लेक मानसिंग पलटणीतून सुट्टीवर येणार होता.

“नाथाजी, दारात भाकरतुकडा कोण ओवाळंल रं?”

“आवं काकी, टेकडीवरनं एस्टी लवकर दिसती.”

मग भाकरतुकडा पदरात बांधून ती निघाली. वरून पाहिलं तर गाव धुक्यात बुडालेलं, देवळाचा कळस तेवढा तरंगत होता. तेवढ्यात एस्टीचा पिवळा दिवा धुक्यात शिरला.

अंबूबाई जिवाच्या आकांतानं ओरडली, “मानसिंगा, वर ये! खाली पाणी हाय!”

कुणी हसलं नाही. धुक्यातून ओ आली.