तोंडातल्या टाचण्या

रविवारच्या पुरवणीत फोटो छापून आला आणि टाचणीबाईच्या चांगल्या चाललेल्या दुकानाला कुणाची दृष्ट लागली देव जाणे.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी शिलाईचं मशीन, भिंतीला टांगलेले कपडे, मधे आरसा आणि आरशासमोर गिऱ्हाइकानं उभं राहायचा लाकडी खोका. पँटची उंची कमी कर, कोटाच्या बाह्या आखूड कर, तुटलेली चेन बदल, अशी तिची कामं. गिऱ्हाईक खोक्यावर चढलं की ही खाली गुडघे टेकून बसायची, ओठांत पाच-सहा टाचण्या धरायची आणि एकेक काढून कापडाला लावायची. त्यावरून पडलेलं नाव, टाचणीबाई. तोंडात टाचण्या नसताना ती जे बोलायची त्यालाही ते नाव शोभतं, असं लोक म्हणत, पण तिच्या माघारी.

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा फोटोग्राफर, मोठ्या शहरात राहायचा. पोटासाठी लग्नांचे आणि भांड्याकुंड्यांच्या जाहिरातींचे फोटो काढायचा आणि उरलेल्या वेळात ‘स्वतःचं काम’ करायचा. हे स्वतःचं काम म्हणजे तिच्या डोक्याला ताप. आधी त्यानं गटारं साफ करणाऱ्या माणसांचे चेहरे टिपले. मग कारखाना बंद पडून घरी बसलेल्यांचे. तेवढं तिला समजत होतं, कोणीतरी बघायला हवंच त्या बिचाऱ्यांकडे. पण मधेच ह्याला धुक्याचं वेड लागलं. थंडीत पहाटे उठून कुठल्या तरी तळ्याकाठी जाऊन कुडकुडायचं आणि धुक्याचे फोटो काढायचे. आता धुक्यात दिसतं काय? काही दिसत नाही म्हणूनच तर त्याला धुकं म्हणतात ना! त्यातला एक भला थोरला फोटो त्यानं फ्रेम करून हौसेनं आईच्या दुकानात लावला, तर जो तो काच मळली समजून रुमालानं पुसायला लागला. शेवटी तिनं तो कोटांच्या मागे ढकलला.

आणि आता हे नवीन खूळ, ‘एकेकटे’. एकट्या पडलेल्या माणसांचे फोटो. मागच्या थंडीत तो अचानक घरी उगवला होता तो ह्याचसाठी, हे तिला पुरवणी बघून कळलं. त्या दिवशी ती खिडकीशी बसून एका पँटच्या पायाला टाचण्या लावत होती. हा आला तो सरळ मशीनशेजारच्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसला. एवढा बाप्या माणूस, गुडघे हनुवटीला लागलेले. अरे, खुर्ची आहे, खुर्चीवर बस, दोऱ्याचे तुकडे चिकटतील पँटला, असं सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ओठांवर टाचण्या होत्या. तो खालूनच कॅमेरा लावून बसला. काहीबाही विचारत होता, ती हं म्हणत होती. हा फोटो प्रदर्शनात लावू का, असंही त्यानं विचारलं म्हणे. ती त्यालाही हं म्हणाली असणार. टाचण्या काढून ती नीट बोलायला मोकळी झाली, तोवर त्याची गाडीची वेळ झाली होती. धड दोन घास खाऊनही गेला नाही, म्हणून ती रात्रभर चरफडत होती.

तोच हा फोटो. उजेड मागून, चेहरा अर्धा अंधारात, मान खाली, ओठ घट्ट मिटलेले. टाचण्या दिसायचं नाव नाही. आणि खाली लिहिलेलं: ‘आता बोलायला कोणी उरलं नाही.’ तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बोलायला कोणी नाही? दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून तिचा घसा बसायचा!

पण छापलेलं खरं मानायची लोकांना खोडच. सोमवारी समोरची नर्स सुपाचा डबा घेऊन आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून नुसती उभी राहिली. बँकेतल्या बाई आल्या, त्या केळी घेऊन. स्कर्टचं काय झालं विचारलं तर म्हणाल्या, राहू द्या हो, तुम्ही आधी स्वतःला जपा. बेकरीवाला वर्षानुवर्षं तिच्याशी भावावरून हुज्जत घालत आलेला. तोही मुकाट्यानं मागितले तेवढे पैसे देऊन गेला, तेव्हा मात्र तिनं ते पैसे दोनदा मोजले. आठवडाभरात पँटी यायच्या थांबल्या आणि फळं यायला लागली. इतकी केळी खाणार कोण?

खरा घाव बँडमास्तरांनी घातला. नगराच्या बँडचे सगळे कोट दरवर्षी तिच्याकडे यायचे. कुणाचं पोट वाढलेलं, कुणाचे खांदे उतरलेले, सगळ्यांना ती मापात बसवायची. वर्षाचं सगळ्यांत मोठं काम ते, त्यावर तिचे पुढचे तीन-चार महिने निघायचे. मास्तर दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, यंदा तुम्हाला त्रास द्यावा असं आम्हाला वाटत नाही, कोट दुसरीकडे द्यायचा विचार आहे. तिनं त्यांना टाचण्यांचं सांगितलं. त्यांनी समजूत काढल्यासारखी मान हलवली. आता दुःख लपवणारी बाई आणि दुःख नसलेली बाई दिसायला सारखीच, तिथे सांगणार काय, कप्पाळ! शनिवारपर्यंत तरी थांबा, असं तिनं मास्तरांना बजावलं, दुकानाला कुलूप लावलं आणि पहिल्या गाडीनं शहर गाठलं. फोटो उतरवल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवूनच.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या समोर तीच, दारापेक्षा उंच. फोटोसमोर एक मुलगी डोळे पुसत उभी होती. केवढं गिळलंय हो ह्या बाईनं, असं ती शेजारच्याला म्हणाली.

“गिळलं असतं तर पोट फाडून काढावं लागलं असतं,” टाचणीबाई मागून म्हणाली. “टाचण्या आहेत त्या.”

मुलीनं फोटोकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि काढता पाय घेतला. एवढ्यात मुलगा धावत आला. आई, तू कशी काय, कळवायचं तरी, वगैरे. तिनं त्याला बोलूच दिलं नाही. सूप, केळी, बेकरीवाला, बँडमास्तर, सगळं एका दमात सुनावलं. स्वतःच्या आईला भिंतीवर टांगून जगाकडून कीव गोळा करतोस, लाज नाही वाटत? आणि वर खोटं? तोंडात टाचण्या भरलेल्या बाईचे ओठ मिटलेले असणार नाहीत तर काय उघडे असणार? एवढा कॅमेरा गळ्यात घालून फिरतोस, तुला टाचण्या दिसल्या नाहीत?

“दिसल्या होत्या,” तो म्हणाला.

“मग?”

त्यानं फोटोखालच्या पाटीकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, खालची ओळ त्याची नव्हती, प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंची होती. त्यानं फोटोला नाव दिलं होतं ‘शाळा सुटल्यावर’. बाईंना वाटलं, दुसऱ्या कुठल्या फोटोचं नाव चुकून इथे आलं. त्यांनी ते खोडलं आणि हा भिडस्त, ह्यानं खोडू दिलं.

ती फोटोकडे वळली. इतका वेळ तिनं फक्त स्वतःचा चेहरा बघितला होता. आता बघितलं तर खिडकी उंच, मशीनचं चाक डोळ्यांच्या पातळीवर, आणि ती स्वतः कुठे तरी वर. बुटक्या स्टुलावरून घर असं दिसतं, हे तिला कधी माहीतच नव्हतं. शाळेतून आला की तो त्याच स्टुलावर दप्तर मांडीवर घेऊन बसायचा, दिवे लागेपर्यंत.

“ह्यात एकटी तू नाहीस गं,” मुलगा म्हणाला. “मी आहे. मी सांगत बसायचो आणि तू हं म्हणायचीस.”

ती आणखीच चिडली. मग त्या पँटी कुणी करायच्या होत्या? तुझी फी, तुझी पुस्तकं, तुझा पहिला कॅमेरासुद्धा ह्याच टाचण्यांवर आला, राजा! तो म्हणाला, माहीत आहे, मी कुठे तक्रार करतोय, फोटो काढलाय फक्त. हे त्यानं इतक्या साधेपणानं म्हटलं की भांडायला काही जागाच राहिली नाही, आणि भांडायला जागा नसली की टाचणीबाईला फार जड जायचं.

“मग तसं लिही खाली,” ती म्हणाली. “तू दिलेलं नाव लिही, आणि तोंडात टाचण्या आहेत हेही लिही. आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर.”

प्रदर्शनवाल्या बाई कुरकुरल्या. टाचण्यांनी सगळा भावच जातो, असं त्यांचं म्हणणं पडलं. टाचणीबाईनं त्यांच्या जाकिटाकडे बघून डावी बाही उजवीपेक्षा लांब आहे एवढंच सांगितलं, तशा त्या स्वतःची बाही बघत बसल्या आणि मुलानं पाटी बदलली. पुढे त्या पाटीसकट फोटो पुन्हा पुरवणीत आला, बेकरीवाला पुन्हा हुज्जत घालायला लागला आणि कोटही आले. पण ते नंतरचं.

त्या दिवशी तो तिला आतल्या खोलीत घेऊन गेला. तिथे सगळं धुकं. राखाडी, पांढरं, त्यात कुठे काठी, कुठे झाडाचा बुंधा. तिथे चिटपाखरू नव्हतं, त्यामुळे बसायला बाक मोकळा होता. पाय दुखत होते म्हणून ती टेकली. एका फोटोत धुक्यात दोन खांब उभे होते आणि वर आडवी दांडी. हे काय, म्हणून तिनं विचारलं.

गोलपोस्ट, तो म्हणाला. शाळेच्या वाटेवरचं मैदान. थंडीत तिथे धुकं उतरलं की पलीकडची शाळा दिसायची नाही. मग तो गोलपोस्टचा खांब धरून उभा राहायचा, कुणाचा तरी आवाज येईपर्यंत. फार भीती वाटायची. “तुला सांगितलं होतं मी,” तो म्हणाला. “बरेचदा.”

तिनं आठवून बघितलं. त्या थंडीतल्या पँटी आठवल्या, एक निळा ओव्हरकोट आठवला, त्याचं अस्तर कसं फाटलं होतं तेही आठवलं. मुलानं सांगितलेलं मात्र काहीच आठवेना. कितीही ताण दिला तरी आठवेना. स्वतःचा असा संताप तिला कधी आला नव्हता.

पर्समधला फोन वाजायला लागला. बँडमास्तर होते. तिनं नाव बघितलं आणि फोन बंद करून टाकला.

“पुन्हा सांग,” ती म्हणाली.

तो हसला, आता काय त्याचं, म्हणाला. ती त्याच्याकडे बघत नुसती बसून राहिली. तोंडात एकही टाचणी नव्हती, तरी ओठ घट्ट मिटलेले. खिडकीतून उजेड येत होता. सवयीनं त्याचा हात कॅमेऱ्याकडे गेला.

“ठेव तो खाली,” ती म्हणाली. “आधी बोल.”