गळा सैल, बाही आवळ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर रक्ताच्या थेंबातली एक पांढुरकी पेशी हळूहळू सरपटू लागली, तशा मागच्या रांगा खुर्च्यांवर चढल्या.

"बघा, उठला सैनिक," माईकवरून सेनापती म्हणाला. हे नाव त्याने स्वतःच घेतलेलं. वर पट्ट्यांचा कोट, पायात मात्र सपाता. "ह्याच बाईंचं मागचं रक्त आठवतंय ना? सगळे ढाराढूर. आज गस्त घालतायत. कर्करोग मेंदूत चढला की हॉस्पिटलवाले किरण मारतात. किरणांना काय कळतं, शत्रू कोण नि सैनिक कोण? माझी गोळी सैनिकाच्या कानात बिगूल फुंकते."

पेशीला कान कुठे असतो, हे कोणी विचारलं नाही.

"आता पुरावा. शिंपीदादा, या."

शिंपी गळ्यात टेप अडकवून मंचावर चढला. रुग्णाने घरून जुना कपडा आणायचा, शिंप्याने त्याचा गळा मोजायचा, मग माणसाचा मोजायचा आणि खणखणीत आवाजात जाहीर करायचं, "गळा भरला. अंग धरलं." टाळ्या पडायच्या. माणसं कोणालाही खोटं मानतील, पण टेपवर संशय कसा घ्यायचा? टेपच्या जोरावर किती जणांनी हॉस्पिटल सोडलं, याचा हिशेब शिंप्याने कधी केला नाही. टाळ्या मात्र बरोबर ऐकू यायच्या.

पहिल्या रांगेत त्याची बायको बसलेली असायची. तिच्या स्तनातला कर्करोग मेंदूत गेला होता. डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या, आयुष्यभर काजं केलेल्या हातातून सुई गळायची. हॉस्पिटलने किरणांची तारीख दिली, ती बुडवून शिंप्याने तिला इथे आणलं. गोळी पोटात गेली आणि दोन-तीन दिवसांत ती उठून बसली, जेवायला मागू लागली, सुईत दोरा ओवू लागली. झालं, शिंपी सेनापतीचा झाला. स्वयंसेवकांच्या गणवेशांचं कामही त्यालाच मिळालं. ते भक्तीत धरायचं की धंद्यात, हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं.

बुडालेल्या तारखांचा माग काढत एके दिवशी हॉस्पिटलच्या डॉक्टरबाई दुकानात आल्या.

"वहिनी कशा आहेत?"

"झकास. झोप नाही, पण भूक राक्षसासारखी. चेहरा बघा, कसा गोल झालाय."

बाईंनी मशीनशेजारचा कपड्यांचा ढीग पाहिला. "हे कोणाचे?"

"सेनापतींची गोळी घेणाऱ्यांचे. गळे सैल करायचे, पोटं सैल करायची."

"आणि बाह्या?"

"त्या आवळायच्या. दंड जरा उतरतात."

"सगळ्यांचेच?"

शिंप्याची कात्री थांबली. "सगळ्यांचेच."

"दादा, माणूस खरंच अंग धरत असेल तर दंड का उतरतील?"

शिंपी उठला. बायकोच्या डबीतली एक गोळी काढून त्याने बाईंच्या हातावर ठेवली. तपासात निघालं ते स्टेरॉइड, तेही भरपूर. त्याने चेहरा, गळा, पोट फुगतं आणि दंडाचं मांस झडतं.

पुढच्या सभेला शिंपी डॉक्टरबाईंना घेऊन आला, टेप काढलीच नाही. माईकजवळ जाऊन म्हणाला, "आज ह्या डॉक्टरबाईंचं रक्त दाखवा. टेप मी धरत होतो, आज काच त्या धरतील."

सेनापती हसला. "शंकेखोरांचे सैनिक उठत नसतात हो." पण लोकांना तमाशा हवा होता, त्यांनी गलका केला.

बाईंनी टेबलाखालच्या सेनापतीच्या दोन पेट्या वर काढल्या. एकीत बर्फ, दुसरीत गरम पत्रा. स्वतःच्या बोटाचं रक्त थंड काचेवर घेतलं. पडद्यावर पेशी गपगार. तेच रक्त गरम काचेवर घेतलं. थोड्या वेळाने पेशी सरपटू लागली.

"मी गोळी घेतलेली नाही," बाई म्हणाल्या. "काच गरम झाली, एवढंच. तुम्हाला गोळीआधीचं रक्त थंड काचेवर दाखवतात, नंतरचं गरम काचेवर. अशा पेशी इथे प्रत्येकाच्या रक्तात आहेत. सेनापतींच्याही."

"मग माझ्या आईचं डोकं दुखायचं कसं थांबलं?" एक रिक्षावाला उठून म्हणाला.

"गाठीभोवती मेंदूला सूज येते. ह्या गोळीने ती उतरते. आम्हीही देतो, पण मोजून, आणि गाठीवर उपचार चालू ठेवून. इथे सूज उतरली, गाठ वाढत राहिली. आणि ज्यांना जागं करतो म्हणून ही गोळी दिली, त्याच सैनिकांना ती झोपवते."

"म्हणजे सैनिक असतात?"

"असतात. मेंदूचे स्वतःचे पहारेकरीही असतात. पण गाठ त्यांतल्या काहींना फितवते, आणि तेच तिला जागा करून देतात. सैनिक नुसते उठवून भागत नाही, लढतायत कोणाकडून ते बघावं लागतं. त्यावरच तर संशोधन चाललंय."

सेनापती मागच्या दाराने निसटला होता. सपाता तेवढ्या मंचावर राहिल्या. रिक्षावाल्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तो शिंप्यासमोर येऊन म्हणाला, "तुमच्या टेपकडे बघून मी आईची तारीख बुडवली." कोपऱ्यातून कोणीतरी विचारत होतं, ती गोळी बाहेर कुठल्या दुकानात मिळेल.

बायकोच्या डोक्याचा नवा फोटो निघाला. आधी मोजके डाग होते, आता मोजायचं कारण उरलं नव्हतं. किरणांची वेळ टळली होती. गोळीही एकदम बंद करता येत नव्हती. अंगाला तिची सवय लागली होती. शिंपी खाटेजवळ बसून म्हणाला, "माप तर बरोबर घेत होतो गं."

"घेत होतात," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं, दंडात जोर नाही, तांब्या उचलत नाही. तुम्ही म्हणालात, आण, बाही आवळून देतो."

ती गेली त्या दिवशी अंगावर तोच कपडा होता. गळा सैल, बाही आवळ, शिलाई अगदी सफाईदार.

शिंपी अजून मापं घेतो, मंचावर मात्र चढत नाही. कोणाचा गळा वाढलेला आणि दंड उतरलेला दिसला की कात्री खाली ठेवतो आणि विचारतो, "गोळी कसली घेताय?" काही जण रागावतात, दुसरा शिंपी गाठतात. तुम्ही रागावू नका. बरं वाटलं म्हणजे बरं झालं, असं नसतं. गोळीत काय आहे ते विचारा, आणि जो सांगणार नाही त्याच्या दारातून उठा. घरातलं माणूस सांगतंय की जोर गेलाय, तर ते टेपच्या आधी ऐका.