दह्याच्या भांड्यावरची चिठ्ठी

मुक्ताबाईंनी दह्याच्या भांड्यावर चिठ्ठी चिकटवली ती शनिवारी सकाळी, आणि काढून टाकली ती त्याच दुपारी. मधल्या वेळात त्यांनी मुलीला एक फोन केला होता, इतकंच.

बजाजनगरच्या विहारात दर रविवारी बायकांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. शिकवणारी सोनिया वाळूजच्या एका कंपनीत नोकरीला होती. तिची रीत साधी. आठवड्याला एकच शब्द द्यायचा, पण असा, की त्याचे अर्थ दोन्ही हातांच्या बोटांवर मावू नयेत. बायकांनी तो आपापल्या घरात हुडकायचा, सापडेल तिथं चिठ्ठी लावायची आणि रविवारी त्या चिठ्ठ्या वर्गात वाचून दाखवायच्या. त्या आठवड्याचा शब्द होता ‘सेट’. साठी उलटलेल्या मुक्ताबाईंनी घर पिंजून काढलं. कपबश्यांना चिठ्ठी, टीव्हीला चिठ्ठी, गजराच्या घड्याळाला चिठ्ठी. पश्चिमेच्या खिडकीलासुद्धा एक, कारण तिथून सूर्य मावळताना दिसतो. कणकेच्या खळीनं चिकटवलेल्या अशा नऊ चिठ्ठ्या झाल्या. दहावी दह्याला.

त्यांची मुलगी अमृता शहरातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होती. फोन आला तेव्हा ती स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसली होती.

“अमू, ऐक ना. दही लागलं तर त्याला सेट म्हणायचं का गं? सूर्य खाली बसला तर सेट, अन् दूध घट्ट बसलं तर नाय व्हय? माझं मन म्हणतंय, व्हय!”

मुक्ताबाई फोनवर बोलायच्या ते बांधावरून हाक मारल्यासारखं. समोरच्या टेबलावरच्या मॅडम हसल्या. त्या कौतुकानंच हसल्या असतील, पण अमृताच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“नाही गं आई. दह्याला नाही म्हणत.”

“नाय? मग काय म्हणतेत?”

“उद्या सांगते. पेपर तपासतेय मी.”

“बरं बाई, तपास. काढते मग ती चिठ्ठी. उगं वर्गात हसं व्हायचं.”

अमृताला उत्तर येत नव्हतं असं नाही. हो म्हटलं असतं, तर आईला अजून दहा गोष्टी आठवल्या असत्या. नाही म्हटलं की बोलणं संपतं. तिनं ते संपवलं आणि लाल पेन पुन्हा उचललं.

रविवारी सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता मुक्ताबाई ओट्यापाशीच कोसळल्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मुक्ताबाईंचा जलदान विधी झाला, पाहुणे गावी, देवगाव रंगारीला परतले आणि घरात अमृता आणि अण्णा, बापलेक दोघंच उरली. घर आवरायला आलेल्या बायकांना अण्णांनी चिठ्ठ्यांना हात लावू दिला नव्हता. “राहू द्या,” ते म्हणाले होते, “तिचा अभ्यास आहे तो.” अमृता जेवायला बसली की समोर टीव्हीवरचा तो शब्द दिसायचा. अक्षर थेट अमृताच्या पहिलीच्या पाटीवर असायचं तसं. ही अक्षरं आईला पहिल्यांदा कुणी शिकवली असतील, हा विचार तिच्या मनात आला, आणि आपण नाही शिकवली, हे त्याला चिकटूनच आलं.

पाहुणे गेल्याच्या तिसऱ्या दिवशी अण्णांनी दुकानातून दही आणलं. त्या घरात विकतचं दही कधी आलंच नव्हतं. विरजण मुक्ताबाईंच्या हातचं, ते त्यांच्याबरोबर गेलं. अण्णा चष्मा वर सारून डबा न्याहाळत राहिले. कंपनीत जन्म काढलेला माणूस, इंग्रजी अक्षरं ओळखायचा, आणि आठवडाभर घरातल्या भिंती तोच शब्द घोकत होत्या.

“अमू, हा तुझ्या आईचाच शब्द दिसतोय की. एस, ई, टी. पुढं काहीतरी आहे, पण हा तोच.”

अमृतानं हातातला घास ताटात ठेवला.

“दह्यावर कसा काय छापला यांनी? तू तर नाय म्हणली होतीस. आई दुपारभर तोंड एवढंसं करून बसली होती. मी म्हणलं, जाऊ दे ना, एक चुकलं तर काय झालं? म्हणाली, ‘चुकलं त्याचं नाय हो. मला वाटलं, मला यायला लागलं.’”

आता सांगून टाकावं. एवढंसंच तर आहे. पण अण्णा तिच्याकडे स्वच्छ नजरेनं बघत होते.

“कंपनीवाले काहीही छापतात, अण्णा.”

“असंल,” म्हणत त्यांनी डबा खाली ठेवला. त्यांनी विश्वास ठेवला. आईनं ठेवला होता तसाच, काही न विचारता. तिनं आपल्या वाटीतलं दही तसंच ठेवलं.

पुढच्या शुक्रवारी सोनियाचा फोन आला. “ताई, मावशींच्या चिठ्ठ्या वाचायच्या राहिल्या. तुम्ही वाचाल का? सगळ्यांची इच्छा आहे.”

रविवारी अण्णांनी स्वतःच्या हातानं नऊ चिठ्ठ्या अलगद सोडवल्या, मुक्ताबाईंच्या वहीत ठेवल्या आणि तेही विहारात येऊन मागच्या सतरंजीवर बसले. वीसेक बायका होत्या. अमृता एकेक चिठ्ठी वाचू लागली. कपबश्या. टीव्ही. गजर. खिडकी आली तेव्हा कुणीतरी पदर डोळ्यांना लावला. नऊ झाल्या, टाळ्या झाल्या. वही मिटताना मागच्या पानातून एक कागद घसरून तिच्या मांडीवर पडला. शब्दावर एक सरळ रेघ मारलेली, आणि खाली मराठीत: अमूला विचारलं. चूक.

“ती नका वाचू,” शेजारच्या भागूबाई समजुतीनं म्हणाल्या. त्या मुक्ताबाईंच्या जोडीनं वर्गाला यायच्या. “ती दह्याची. त्याच सांजेला मला बोलली होती मुक्ता. लई हौसेनं लावली होती, पण तुम्ही नाय म्हणला ना. म्हणाली, ‘आमची अमू चुकत नाय. तेवढ्यासाठीच तर शिकवली तिला.’”

बायका मायेनं हसल्या. मागं अण्णाही हसले, मान हलवत.

गप्प बसणं अजूनही सोपं होतं. अमृतानं तो कागद गुडघ्यावर सरळ केला. रेघेच्या खालचा शब्द स्पष्ट वाचता येत होता. ती उठून उभी राहिली.

“दह्यालाही सेटच म्हणतात,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. “ही चिठ्ठी बरोबर आहे. आईनं कुणालाही न विचारता, आपल्या मनानं ओळखलं होतं. मला तेव्हाही माहीत होतं. मला तिची लाज वाटली, आणि फोन ठेवायची घाई होती, म्हणून मी नाही म्हणाले. अण्णा, त्या दिवशी तुमच्याशीही मी खोटंच बोलले.”

मागं अण्णांनी चष्मा काढून हातात घेतला होता. तिनं कागदाकडे पाहिलं.

“तुला येत होतं गं, आई. चुकले ती मी.”