कर्ता शोधा

"हसू नका रे," बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. फळ्यावर त्यांनी आपल्या आईचं वाक्य लिहिलं होतं: कलतंय सगलं, पन वलत नाही.

बाई कॉलेजात भाषाविज्ञान शिकवत. माणूस काय बोलतो यापेक्षा कसा बोलतो, यातच त्यांचा जीव अडकलेला. भाजीवाला भाव सांगायचा आणि बाई त्याचा 'च' ऐकत उभ्या राहायच्या. नवरा भांडून घर सोडून गेला तेव्हा तो काय काय बोलला ते त्यांना धड सांगता यायचं नाही, पण रागात त्याच्या 'श'चा 'स' होतो हे पक्कं ठाऊक होतं. हा किस्सा त्या स्वतःच रंगवून सांगत.

"परवा संध्याकाळी आईचा फोन आला," त्या वर्गाला सांगत होत्या. "मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई. जन्मभर शुद्ध बोलली. आणि एकदम 'ळ'चा 'ल', 'ण'चा 'न'! तिच्या माहेरची बोली ही. लहानपणी मार खाऊन सोडलेली. म्हातारपणी माणूस पहिल्या बोलीकडे वळतो म्हणून मी इतकी वर्षं कंठशोष करतेय, आणि पुरावा निघाला घरातच."

त्या दिवशी फोनवर बाईंचा आनंद गगनात मावेना. "फळ म्हण गं आई. आता बाळ म्हण." आई बिचारी म्हणत राहिली. शेवटी दमून तिने हे वाक्य म्हटलं, आणि बाई म्हणाल्या होत्या, "वा, झकास! बरं, पड आता जरा."

फळ्यावर वाक्य आलं की आधी त्यातला कर्ता शोधायचा, ही बाईंची शिस्त. त्यांनी 'वलत नाही'खाली रेघ ओढली. "काय वळत नाही?"

"तसं म्हणायची पद्धतच आहे ना, मॅडम," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. "कळतं पण वळत नाही. त्यात कसला कर्ता?"

"माझी आई व्याकरण शिकवायची. तिच्या मनात कर्ता असणारच. शोधा."

"मग जीभ असेल," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग खो खो हसला.

बाईही हसायला लागल्या, आणि मधेच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. आई बोली बोलत नव्हती. आईची जीभ वळत नव्हती. तेच ती सांगत होती, आणि आपण तिला फळ आणि बाळ म्हणायला लावत होतो. वर्ग अजून हसतच होता.

त्यांनी तिथूनच आईला फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. मग आईच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना लावला. "दोन दिवस दिसल्या नाहीत खऱ्या," काकू म्हणाल्या. "मला वाटलं तुझ्याकडे गेल्यात. थांब, किल्ली आहे माझ्याकडे."

काकूंनी आईला नेलं त्या दवाखान्यात बाई पोचल्या तेव्हा तिच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती. शब्द आता फुटतच नव्हता.

"बोलणं कधीपासून बदललं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"परवा संध्याकाळपासून."

"आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," बाई म्हणाल्या. "माझ्या आलं होतं."

"मेंदूत गुठळी झाली होती. तेव्हाच आणलं असतं तर..." एवढं बोलून डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे वळल्या.

बाई आईच्या उशाशी बसल्या. त्यांना रडूही येईना. थोड्या वेळाने आईने डोळे उघडले, डावा हात कसाबसा उचलला आणि बोटं जुळवून तोंडाकडे नेली.

"बोलायचंय? नको आई, त्रास नको करून घेऊस."

आईने कपाळाला आठी घातली. पुन्हा तेच.

"पाणी हवंय? विचारते हं सिस्टरना."

आईने मान हलवली, वर्गात चुकीचं उत्तर आल्यावर हलवायची तशी. मग तो हात बाईंच्या ओठांपाशी आला आणि तिथेच थांबला.

बोटं घास धरल्यासारखी जुळलेली होती.

"मी?" त्यांनी विचारलं. "मी जेवले का?"

आईने समाधानाने डोळे मिटले.

"नाही गं," बाई म्हणाल्या. "सकाळपासून काहीच नाही."

हात खाली आला आणि चाचपडत उशाशी ठेवलेल्या बिस्किटाच्या पुड्याकडे सरकू लागला.