डाव्या वळणावरचा हॉर्न

शलमोन गायकवाडच्या हिशेबी माणसं दोनच प्रकारची होती. वीज कळणारी आणि बाकीची. पहिल्या प्रकारात आख्ख्या नगरमध्ये तो एकटाच होता, आणि त्याचं त्याला जराही वाईट वाटत नसे.

लढाईची चार वर्षं तो लष्कराच्या वर्कशॉपात होता. रणगाड्यांपासून मोटरसायकलींपर्यंत सगळ्यांच्या वायरी त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. लढाई संपली, सेहेचाळीस साली त्याला घरी पाठवलं आणि त्याच्या नशिबी आलं माळीवाडा वेशीजवळचं चांदभाईचं सायकलींचं दुकान. चांदभाईची पन्नाशी उलटलेली. सगळा जन्म पंक्चर काढण्यात गेलेला. एकदा त्याने भाबडेपणाने विचारलं, "शलमोन, वायर तुटली तर करंट खाली सांडतो का रे?" हा किस्सा शलमोनने घरी जाऊन मरियाला तीनदा सांगितला. मरिया हसली नाही. म्हणाली, "त्याच माणसाच्या दुकानात बसता ना रोज?" शलमोनच्या मते बायकोलाही वीज कळत नव्हती.

पौषात एका सकाळी तिसगावचा कानिफनाथ दुकानाशी आला. हा बैलांचा व्यापारी. गलेलठ्ठ, तांबडा फेटा, हातात वेताची काठी. लष्कराने लिलावात काढलेली एक हिरवी मोटरसायकल त्याने कुणाकडून तरी घेतली होती आणि तिच्यावर बसून तो बाजार करत फिरे. पुढे एका दिव्याच्या जागी चार दिवे, दोन हॉर्न, मागे लाल-हिरवे बल्ब. वायरी तर इतक्या, की टाकी कुठे आहे ते शोधावं लागे. सांधे बांधायला कुणीतरी जखमेवरची चिकटपट्टी वापरली होती.

"हे कुणी केलं?" शलमोनने नाकाला रुमाल लावल्यासारखा चेहरा केला.

"हुता एक मिस्तरी शेवगावचा. का?"

"मिस्त्री? तो मंडप बांधणारा असणार. लग्नाच्या मंडपाला असतं हे सगळं."

कानिफनाथ म्हणाला, "मला ते काय ठावं न्हाई. सकाळी भरल्याली बॅटरी दुपारी मरती. तेवढं बगा."

"चार दिवे लावल्यावर मरेल नाही तर काय? इंजिन मॅग्नेटोवर चालतं, त्याला बॅटरी लागत नाही, म्हणून तुम्ही घरी तरी पोचता. एरवी बैल जुंपून न्यावी लागली असती."

कानिफनाथने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, बाजारात जनावर पाहतात तसं, आणि गाडी ठेवून निघून गेला.

शलमोनला दोन दिवस लागले. सगळ्या वायरी त्याने उपटून काढल्या, त्यांचं हे एवढं भेंडोळं झालं. मग एक पुढचा दिवा, एक मागचा, एक हॉर्न, बॅटरी आणि डायनमो, एवढ्यांपुरत्या नव्या वायरी टाकल्या. परतीची वायर नाही, ते काम गाडीच्या लोखंडी सांगाड्याने करायचं. प्रत्येक वायर मोजून कापली. कुठे लोंबकळणं नाही, कुठे वळसा नाही. जास्तीची वायर म्हणजे अडाण्याचं लक्षण, असं त्याचं मत होतं आणि ते तो चांदभाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत होता.

मग तपासणी. एका लहान बल्बाला दोन वायरी जोडून त्याने परीक्षेचा दिवा केला. एक टोक सांगाड्याला, दुसरं एकेका सांध्याला. प्रत्येक ठिकाणी बल्ब लागला. चांदभाई शेजारी उकिडवा बसून बघत होता आणि बल्ब लागला की दर वेळी "वा!" म्हणत होता. शलमोनला त्या 'वा'ची कीव आली. शेवटी त्याने गाडी भिंगारपर्यंत नेऊन आणली. छावणीचा सरळसोट रस्ता. दिवा ठीक, हॉर्न ठणठणीत.

आठवड्याने कानिफनाथ परत आला.

"मिस्तरी, हॉर्न घाटात वाजत न्हाई."

शलमोनने बटण दाबलं. हॉर्न असा ओरडला की समोरच्या पिठाच्या गिरणीतली माणसं बाहेर आली.

"हा काय वाजला मग?"

"हितं वाजतुय वं. करंजीच्या घाटात वळणावर मुका व्हतु. फुडं गेलं का पुन्यांदा बोलतु."

"घाटाला बघून लाजत असेल."

"आवं, चेष्टा न्हाई. माझं जरा ऐका तर. समद्या वळनावर न्हाई, काही काही..."

शलमोनने ऐकलं नाही. त्याने परीक्षेचा दिवा घेतला, पुन्हा एकेक सांधा तपासून दाखवला आणि उठला. "वायरीत काही नाही. तुमचा अंगठा बटणावरून घसरत असेल. बैलाचा कासरा धरायची सवय ना."

कानिफनाथचा चेहरा तापला. त्याने चांदभाईकडे वळून म्हटलं, "चांदभाई, तुमी तरी सांगा याला."

चांदभाईला विजेतलं काही कळत नव्हतं. पण तो गल्ल्यावरून उठून पुढे आला आणि म्हणाला, "शेठ, आमच्या शलमोनचं काम आहे. चूक निघायची नाही. निघाली तर मला विचारा."

कानिफनाथने गाडीला किक मारली आणि तो गेला. चांदभाई आपल्या बाजूने बोलला, यात शलमोनला विशेष वाटलं नाही. खऱ्याच्या बाजूने कुणीही बोलेल.

त्यानंतर पंधरा दिवस गेले असतील. दुपारी वेशीतून एक बैलगाडी आली आणि दुकानासमोर थांबली. गाडीत आडवी बांधलेली हिरवी मोटरसायकल. शेजारी कानिफनाथ, उजवा हात गळ्यात बांधलेला, गालावर खरचटल्याच्या काळ्या खपल्या. त्याच्या गड्याने आणि चांदभाईने मिळून मोटरसायकल खाली घेतली. पाय टेकवायचा पायटा वाकला होता, दिव्याची काच फुटली होती.

"काय झालं शेठ?" चांदभाईने विचारलं.

"सांगतु. आदी ह्ये बगा."

कानिफनाथने डाव्या हाताने हँडल सरळ धरलं. गड्याला म्हणाला, "दाब." हॉर्न वाजला. हँडल उजवीकडे वळवलं. "दाब." वाजला. मग त्याने हँडल डावीकडे पार शेवटापर्यंत वळवलं.

"दाब."

काही नाही. गड्याने पुन्हा दाबलं. कानिफनाथने हँडल सरळ केलं आणि हॉर्न एकदम ओरडला, कारण गड्याचा अंगठा अजून बटणावरच होता.

"जनावर घेताना मान दोन्हीकडं वळवून बगतो आमी," कानिफनाथ म्हणाला. "तुमी सरळ उभं करून बगितलं."

शलमोन खाली वाकला. त्याला शोधावं लागलं नाही. हँडलच्या मानेच्या उजव्या अंगाने पुढे गेलेली वायर, त्याने मोजून कापलेली, डावीकडे वळताच तारेसारखी ताठ होत होती. वरचं रबर शाबूत होतं, आतले तांब्याचे धागे तुटले होते. सरळ असताना ते एकमेकांना टेकत, वळलं की सुटत. दोन बोटं जास्त वायर ठेवली असती तर काही झालं नसतं.

"वायर आखूड आहे," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

"कुणी कापली?"

शलमोन तोंड उघडणार, तेवढ्यात चांदभाई म्हणाला, "आमची चूक झाली, शेठ. लागलं किती?"

'आमची' हा शब्द शलमोनला झोंबला. वायर चांदभाईने कापली नव्हती, त्या माणसाने तर ती तपासताना नुसतं 'वा' म्हटलं होतं. चूक वाटून घ्यायला हा कोण? आणि वाटून घेतली नसती तर आपण काय बोललो असतो, हे मात्र त्याला सुचेना.

त्याने नवी वायर घातली. मानेपाशी मोकळा वळसा ठेवला, पायटा सरळ केला, काच बदलली. हँडल दोन्हीकडे पन्नास वेळा फिरवून बघितलं. कानिफनाथ बाकावर बसून मोजत होता.

"झालं," शलमोन म्हणाला.

"झालं कसं? माझा हात मोडलाय. गाडी तिसगावला कोन न्हेनार? तुमीच चालवा. म्या मागं बसतु."

तेव्हा शलमोन पुढे आणि मागच्या कॅरियरवर घोंगडीची घडी टाकून कानिफनाथ, अशी वरात भिंगारमधून निघाली. घाट लागला. पहिल्या डाव्या वळणावर वेताची काठी शलमोनच्या पाठीत रुतली.

"वाजीव!"

हॉर्न वाजला. पुढचं वळण आलं.

"वाजीव!"

रस्त्याकडेच्या शेळ्या राखणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. शलमोनचे कान तापले होते. मागे बसलेल्या त्या बैलवाल्याला दरीत ढकलून द्यावं, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. एका अवघड वळणापाशी काठी न रुतता नुसतीच खांद्यावर टेकली.

"हितं थांबा."

शलमोनने गाडी थांबवली. कडेच्या दगडांना हिरवा रंग खरवडून लागला होता.

"समूरनं कडूबाईची बैलगाडी येत हुती. माझ्याच गावची बाई. पोटाशी नातू. म्या हॉर्न दिला, वाजला न्हाई. तिला कळलं न्हाई, मला दिसली न्हाई. मंग म्या ह्या दगडावर घातली."

"दुसऱ्या बाजूला घातली असती तर?" शलमोनने विचारलं.

कानिफनाथने काठीने दाखवलं. शलमोन उतरून कडेपर्यंत गेला. खाली बाभळी होत्या, बारीक दिसत होत्या.

"त्या दिवशी तुम्ही सांगत होता," शलमोन परत येऊन म्हणाला. "मी ऐकून घ्यायला हवं होतं."

"व्हय. हवं हुतं," कानिफनाथ म्हणाला. "चला आता, ऊन कलतंय."

तिसगावात चावडीसमोर दहा-बारा माणसं जमली. कानिफनाथ खाली उतरला आणि सगळ्यांदेखत काठी शलमोनकडे करून म्हणाला, "ह्यो तो नगरचा मिस्तरी. हात चांगला हाय. कान न्हाईत." माणसं खो खो हसली. शलमोनने मान खाली घातली नाही. कुणीतरी त्याच्या हातात गुळाचा चहा दिला. तो पचपचीत होता.

नगरला जाणारी शेवटची सर्व्हिस मोटार सुटायला वेळ होता. शलमोन तिच्या पायरीशी उभा राहून चावडीकडे बघत होता. कानिफनाथ मोटरसायकलीच्या टाकीवर बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं थोपटत होता आणि चार जणांना तोंडातली पानाची पिंक उडवत काहीतरी सांगत होता. माणूस गावंढळ तो गावंढळच, शलमोनच्या मनात आलं. ते मत बदलायचं काही कारण त्याला अजूनही दिसत नव्हतं. फक्त उद्या दुकानात गेल्यावर चांदभाईला काय म्हणायचं, हे त्याला ठरवायचं होतं. वाक्य लहानच होतं. 'चूक माझी होती, तुमची नव्हे.' नगर येईपर्यंत त्याने ते कितीतरी वेळा मनात म्हणून बघितलं आणि प्रत्येक वेळी तो 'माझी'पाशीच थांबला.

सकाळी त्याने ते म्हटलं. चांदभाई ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता.

"बरं," चांदभाई म्हणाला. "ती कानस दे इकडे."