न्हाणीचं दार आणि नवी मशीन

परंदवडीच्या अमृतराव काशिदांनी एकतीस वर्षं तळेगावजवळच्या एका कंपनीत तपासणी खात्यात काढली. दुसऱ्यांनी बनवलेला लोखंडी भाग हातात घ्यायचा, मोजायचा, बरोबर असला तर पुढे सोडायचा आणि नसला तर त्यावर लाल खडूनं फुली मारून बाजूला ठेवायचा. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले, "अमृतरावांच्या हातून एकही चुकीचा नग सुटला नाही." यावर कामगारांनी जरा जास्तच वेळ टाळ्या वाजवल्या. अमृतरावांना ते प्रेम वाटलं.

घरी बसल्यावर त्यांनी ठरवलं, आता आपण स्वतः काहीतरी बनवायचं. म्हैस विकल्यापासून गोठा रिकामाच होता. तो झाडून, फरशी घालून त्यांनी तिथं लाकूडकामाची पाच कामं करणारी मशीन बसवली. फळी चिरणं, रंधा मारणं, खाच पाडणं, भोक पाडणं आणि धार लावणं, सगळं एकाच टेबलावर. मशीनची पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले.

तीन वर्षांत त्या मशीनमधून दोन पोळपाट बाहेर आले. पहिला डुगडुगत होता. दुसऱ्याचे चारही पाय एका उंचीचे करता करता पायच संपले, त्यामुळे तो डुगडुगत नव्हता.

मागच्या पावसाळ्यात न्हाणीचं दार फुगलं. त्यांच्या बायको लीलाबाई म्हणाल्या, "खालून जरा रंधा मारा, सारखं अडकतंय." अमृतरावांनी दार उतरवून गोठ्यात नेलं, त्याला काटकोन लावला आणि गंभीर चेहऱ्यानं बाहेर आले. दार मुळातच काटकोनात नव्हतं. तीस वर्षं आपण अशा दारामागे आंघोळ केली, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी दार मोडलं आणि नवं करायला घेतलं.

ते काही होईना. कापलेली प्रत्येक फळी ते कंपनीतल्या सवयीनं व्हर्नियरच्या बारीक मापपट्टीनं मोजत. कुठंतरी अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघे. मग लाल खडूची फुली आणि फळी कोपऱ्यात. गणपतीपर्यंत कोपऱ्यात कमरेएवढा ढीग झाला. चूक आपली असेल असं त्यांच्या मनात आलं नाही. चूक मशीनची होती. तिच्या टेबलाला पाव मिलिमीटरचा झोल होता आणि तो त्यांनी स्वतः मोजला होता.

तेव्हापासून घरात एकच विषय सुरू झाला. हीच मशीन ठेवायची की हिच्या पुढचं मॉडेल घ्यायचं? पुढच्या मॉडेलला सरकतं टेबल होतं, तीन फेजची मोटर होती, माप दाखवणारा छोटा पडदा होता. अमृतरावांनी वही केली. डाव्या पानावर 'नवी घ्यावी', उजव्या पानावर 'जुनी ठेवावी'. सकाळी ते डाव्या पानावर लिहीत आणि जेवणानंतर उजव्या. दिवाळी झाली, भात काढून झाला, वही निम्मी भरली.

न्हाणीला दाराऐवजी फ्लेक्स लटकत होता. गावातल्या एका होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा तो फ्लेक्स. मधे पुढारी हात जोडून उभा आणि भोवती शुभेच्छुकांचे तेवीस फोटो. फोटो आतल्या बाजूला केले तर आंघोळ करणाऱ्याला कसंतरी व्हायचं. बाहेरच्या बाजूला केले तर अंगणात येणारा प्रत्येक माणूस आधी त्यात आपला फोटो शोधायचा आणि तेवढा वेळ तिथंच उभा राहायचा. आत कोणी असलं तर खोकत राहायचं, असा घरात नियम झाला होता. लीलाबाईंना खोकून खोकून खरंच खोकला लागला.

डिसेंबरात अमृतराव मळवलीला कोंडाजी मिस्त्रींना भेटायला गेले. मळवलीतल्या निम्म्या बंगल्यांची दारं-खिडक्या कोंडाजींच्या हातची. अमृतराव शेडमध्ये शिरले आणि थबकले. कोंडाजींकडे त्यांच्यासारखीच मशीन होती, पण आणखी जुनी. रंग उडालेला, आणि एका पायाखाली विटेचा तुकडा.

"मिस्त्री, हिच्या टेबलाला झोल किती आहे?"

"मोजला न्हाई कदी."

"मग दार चौकटीत बसतं कसं?"

"लावून बघायचं," कोंडाजी म्हणाले. "घासलं तर काढायचं. न्हाई घासलं तर च्या प्यायचा."

अमृतरावांनी वही उघडली, पण यातलं काय लिहून घ्यावं ते त्यांना कळेना. "मी पुढचं मॉडेल घेऊ का, एवढंच सांगा," ते म्हणाले.

"घ्या की. लगीच घ्या. आन् जुनी मला द्या भाऊ. फुडच्या सोमवारी टेम्पो घिऊन येतो."

परतीच्या वाटेवर स्कूटरवर अमृतरावांना चैन पडेना. कोंडाजींना आपली मशीन कशाला हवी? घरी आल्यावर त्यांनी डाव्या पानावर लिहिलं, 'मिस्त्री घ्या म्हणतात.' मग थोडा विचार करून उजव्या पानावर लिहिलं, 'मिस्त्री जुनी मागतात.'

दोनच दिवसांनी लीलाबाईंची थोरली बहीण विठाबाई आली. तळेगावात तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि आठ दिवसांनी परत दाखवायचं होतं. आंदर मावळातून पुन्हा पुन्हा कोण येणार, म्हणून ती बहिणीकडेच राहिली. काळा चष्मा लावून ती ओट्यावर बसे आणि एका डोळ्यानं घराकडे बघे. पहिल्या दिवशी तिनं आंघोळीला म्हणून फ्लेक्स बाजूला केला, आत गेली आणि तशीच बाहेर आली.

"लीले, मला अर्धंच दिसतंय," ती म्हणाली, "पर समद्या गावाला मी आख्खी दिसतेय."

मग तिनं अमृतरावांना गाठलं. "पाव्हणं, दार कवा व्हनार?"

"मशीनचा निर्णय झाला की लगेच, आक्का."

"मशीन तर हाय की."

"ती मापात कापत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा फरक येतो."

"म्हंजी किती?"

अमृतरावांनी बोटाचं नख दाखवलं. "याच्या जाडीएवढा."

विठाबाईनं नख बघितलं, मग न्हाणीकडे बघितलं. "आन् आत्ता किती फट हाय?"

अमृतरावांनी बोट खाली घेतलं. रात्री त्यांनी जाहीर केलं की मोशीला मशीनचं मोठं प्रदर्शन आहे, उद्या तिथं जाऊन शेवटचा निर्णय करणार.

सकाळी ते वही घेऊन गेले. स्कूटरचा आवाज फाट्याकडे विरला तशी विठाबाई म्हणाली, "तुला चालवाया येती का ती?"

लीलाबाईंनी गोठ्याकडे बघितलं. तीन वर्षं त्यांनी मशीनच्या पलीकडे उभं राहून फळीचं टोक ओढलं होतं. कळ कुठं आहे, चकती कशी वर-खाली करायची, फळी कितपत रेटली की मोटर रडायला लागते, हे सगळं त्यांना माहीत होतं. चालवून बघ असं मात्र कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

"येती," त्या म्हणाल्या. "पर तू हितं थांबू नको. डोळ्यात भुस्सा जाईल."

विठाबाई ओट्यावर बसून राहिली आणि तिथूनच बोलत राहिली. लीलाबाईंनी पदर खोचला आणि नवऱ्याचा गॉगल चढवला. टेप अमृतराव बरोबर घेऊन गेले होते, म्हणून त्यांनी परकराच्या नाडीनं चौकट मोजली आणि नाडीला गाठी मारल्या. कोपऱ्यातल्या ढिगातून तीन सरळ फळ्या उचलून त्या उजेडात आल्या.

"ह्या फुल्या कसल्या?" विठाबाईनं विचारलं.

"नापास झालेल्या फळ्या हायेत."

"कशात नापास?"

"त्या नखात."

पहिली आडवी पट्टी त्यांनी आखूड कापली. मशीन बंद करून त्या पाणी प्यायल्या आणि दुसरी पट्टी घेतली. ती बरोबर आली. रंध्यावर फळीची कड सरकवली तेव्हा पातळ ढलपी गुंडाळत बाहेर पडली आणि सागाचा वास आला. पलीकडे उभं राहून हा वास त्यांनी कितीदा घेतला होता. फळीवरून हात फिरवत त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"झोपलीस का?" बाहेरून विचारणा झाली.

तीन उभ्या फळ्या, दोन आडव्या पट्ट्या, एक तिरकी. जुन्याच बिजागऱ्या आणि जुनीच कडी. दार चौकटीला लावलं तर खाली घासलं. उतरवलं, रंधा मारला, पुन्हा लावलं. शेजारच्या धोंडाबाई आवाज ऐकून आल्या होत्या, त्यांनी दार धरलं आणि लीलाबाईंनी स्क्रू आवळले. चार वाजता कडी लागली. विठाबाईनं बंबात पुन्हा पाणी तापवायला लावलं आणि मानेखालून का होईना, दिवसातली दुसरी आंघोळ केली. आत ती अजिबात खोकली नाही.

मोशीला अमृतरावांनी तीन तास मशीन बघितली. त्या पुढच्या मॉडेलच्या स्टॉलवर सृष्टी नावाची मुलगी होती. तिनं त्यांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि शेवटी एक प्रश्न विचारला. "काका, तुम्ही काय बनवता?"

"दारं," अमृतराव म्हणाले.

"महिन्याला साधारण किती होतात?"

"सध्या एक चालू आहे."

"मोठं काम असेल मग."

"न्हाणीचं आहे."

तिनं टॅबमध्ये 'बाथरूम प्रोजेक्ट' असं लिहून घेतलं. अमृतरावांनी बयाणा दिला. तीन फेजचं कनेक्शन आलं की मशीन पाठवायची, असं ठरलं.

संध्याकाळी ते अंगणात आले तेव्हा न्हाणीला दार होतं. त्यांच्या हातच्या तीन लाल फुल्या त्यावर ठळक दिसत होत्या. ते गोठ्यात जाऊन काटकोन आणि व्हर्नियर घेऊन आले, चष्मा लावला आणि वही मांडीवर घेऊन मोजायला बसले. अकरा दोष निघाले. बारावा लिहीत असताना आतून आवाज आला.

"पाव्हणं, मोजून झालं आसंल तर सरका. मला भाईर यायचंय."

ते सरकले. रात्री जेवताना त्यांनी दोष वाचून दाखवले. खाली आठ मिलिमीटर फट, उजवीकडे तीन, वरच्या बाजूला उतार. लीलाबाई वाढत राहिल्या. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "भाजी घेता का अजून?"

दुसऱ्या दिवशी अमृतराव आंघोळीला गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. कडी लावून ते पाटावर बसले होते. पाण्याचा आवाजही येत नव्हता. अंगणातून धोंडाबाई गेल्या, दूधवाला गेला, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांना कोणासाठी खोकावं लागलं नाही. पाणी गार झालं तेव्हा त्यांनी ते अंगावर घेतलं.

नाश्त्याला बसल्यावर ते म्हणाले, "वरची बिजागरी दोन सूत वर आहे."

"आसंल."

"कडी मात्र बरोबर बसलीय."

एकतीस वर्षांत कंपनीत त्यांच्या तोंडून असं वाक्य कोणी ऐकलं नव्हतं. लीलाबाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी पोह्यांवर थोडं खोबरं जास्त घातलं.

सोमवारी कोंडाजी खरोखरच टेम्पो घेऊन आले. अमृतराव त्यांना घेऊन गोठ्यात गेले तर लीलाबाई धोंडाबाईंच्या स्वयंपाकघरासाठी मांडणीच्या फळ्या चिरत होत्या. त्यांनी मशीन बंद केली.

"मिस्त्री, ही न्हाई मिळायची."

कोंडाजींनी अमृतरावांकडे बघितलं. अमृतराव वहीकडे बघत होते. जाताना कोंडाजींनी न्हाणीचं दार उघडून, लावून बघितलं. ते घासलं नाही. मग त्यांनी चहा मागितला आणि तो पिऊन मोकळा टेम्पो घेऊन गेले. विठाबाईही त्याच टेम्पोतून तळेगावपर्यंत गेली, दवाखान्यात दाखवायला आणि मग घरी.

पुढे पंधरा दिवस अमृतराव तीन फेजच्या अर्जाबद्दल बोलत होते. मग बोलायचे थांबले. गोठ्यात जाऊन ते पलीकडच्या बाजूला उभे राहत, फळीचं टोक ओढत आणि मधेच माप सांगत. त्यातली निम्मी मापं लीलाबाई ऐकत.

एके दिवशी ते गिरणीतून दळण आणायला गेले असताना त्यांचा घरी राहिलेला फोन वाजला आणि लीलाबाईंनी उचलला. मोशीची सृष्टी होती.

"काकू, काकांनी काल बुकिंग रद्द केलं," ती म्हणाली. "कारण सांगितलं नाही. मला फॉर्ममध्ये लिहावं लागतं. किंमत जास्त वाटली का? की दुसऱ्या कंपनीची घेतली?"

बुकिंग रद्द झाल्याचं लीलाबाईंना आत्ताच कळत होतं. त्या गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. आत गल्लीतल्या बायकांच्या तीन मांडण्या, एक पाळणा आणि अर्धवट कापलेलं कोणाचं तरी कपाट पडलं होतं.

"जागा न्हाई म्हनून लिहा," त्या म्हणाल्या.

"ओके काकू. जागा झाली की कळवाल?"

"न्हाई व्हायची आता," लीलाबाई म्हणाल्या, आणि फोन खिडकीत ठेवून गॉगल शोधायला लागल्या.