बुधवारच्या चटया

चर्चच्या हॉलमध्ये गंगव्वाआज्जींनी बसण्याआधी सोफ्याचा डावा कोपरा हातानं दाबून बघितला आणि त्या चक्क हसल्या.

"अगं बाई, हा तर आमच्या हेमलताचा सोफा! ही मेली स्प्रिंग मी कशी विसरेन?"

चहाचा ट्रे घेऊन येणारी हेमलता जागच्या जागी थिजली. दर बुधवारची प्रार्थना तिच्याच घरी व्हायची. अख्खी मंडळी याच सोफ्यावर बसून चहा प्यायली होती, आणि एवढी साधी गोष्ट नेमकी तिच्याच डोक्यात आली नव्हती.

राजाजीनगरातल्या या छोट्या चर्चच्या नव्या हॉलसाठी लोकांकडून जुनं फर्निचर मागून आणायचं काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं होतं. मारतहळ्ळीच्या मुग्धानं पुण्याला परत जाताना आपला निळा सोफा दिला. अगदी नव्यासारखा. "म्हातारी माणसं आरामात बसतील," एवढंच ती म्हणाली होती. टेम्पो मात्र आधी हेमलताच्या दारात थांबला. निळा सोफा आत गेला, घरातला जुना बाहेर आला आणि तोच पुढं चर्चला गेला. चर्चला सोफा मिळाल्याशी कारण, असं तिनं मनाला समजावलं होतं. तिचा नवरा सूर्यकांत मात्र त्या निळ्या सोफ्यावर अजून बसलाही नव्हता.

"खरंच की!" पाळक दयानंद पुढं आले. "लोक नको झालेलं देतात, हेमलताक्का. तुम्ही घरातली बसायची जागाच दिलीत."

कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. हेमलताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गंगव्वाआज्जींना वेगळाच घोर लागला. "मग बुधवारी तुझ्या घरी बसायचं कशावर गं? सरी, ठीक आहे, आम्ही येताना चटया घेऊन येतो."

"नको, आज्जी. चटया नकोत."

"गप बस. एवढं दिलंस, वर आमचीच काळजी!"

ट्रे टेबलावर ठेवून हेमलता बाहेर व्हरांड्यात आली आणि तिनं टेम्पोवाल्या मल्लाप्पाला फोन लावला.

"मल्लाप्पा, आज टेम्पो मिळेल का?"

"मिळंल की, अक्का. कुठनं कुठं?"

मागं काठीचा आवाज झाला. गंगव्वाआज्जी दारात येऊन उभ्या होत्या. फोन ठेवून देता आला असता. हळू बोलता आलं असतं.

"माझ्या घरून चर्चला," हेमलता आज्जींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "त्या दिवशीचा निळा सोफा. तो चर्चसाठीच दिला होता. मी ठेवून घेतला. जुनाही आता चर्चलाच राहील."

फोन ठेवल्यावरही तिला मान वर करवेना. आज्जींनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"म्हणजे बुधवारी चटया लागणारच," त्या म्हणाल्या आणि चहा प्यायला आत गेल्या.